मदत हवी आहे: सल्फोनेट केलेल्या पीकमधलं उरलेलं गंधक जात नाही

दोन मणक्यांमध्ये बसवायच्या केजसाठी (आधार देणाऱ्या पोकळ ठोकळ्यासाठी) पीकवर (शेतातलं नव्हे, पॉलिइथरइथरकीटोन हे प्लास्टिक) काम चालू आहे. स्थितिस्थापकता गुणांक (ताठपणाचं माप) ३-४ गिगापास्कल, म्हणजे टायटॅनियमच्या ११० पेक्षा हाडाच्या बराच जवळ. पण पृष्ठभागाला ना पाणी धरतं, ना हाड. म्हणून तुकडे तीव्र सल्फ्युरिक आम्लात ५ मिनिटं बुडवून सच्छिद्र केले (हेच सल्फोनेट करणं). सूक्ष्मदर्शकाखाली जाळी सुरेख दिसते, अगदी स्पंजसारखी.

घोडं अडलंय ते धुण्यात. तुकड्यांवर वाढवायला ठेवलेल्या पेशी दोन दिवसांतच गोल होऊन सुटतात आणि ईडीएसमध्ये (क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखणारी चाचणी) गंधक दिसतंच. रात्रभर पाणी, मग अ‍ॅसिटोन, मग १२० अंशांवर ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या भांड्यात) ४ तास, एवढं करून झालं. फरक पडला, पण पुरेसा नाही. आम्ल न लावलेल्या तुकड्यांवर त्याच पेशी नीट जगतात, त्यामुळे पेशी वाढवायच्या माध्यमाचा दोष नाही. टायटॅनियमचा लेप नकोय, केज ठोकून बसवताना तो सुटायची भीती.

सोडियम हायड्रॉक्साइडने कुणी धुतलंय का? संहती आणि वेळ किती ठेवली, छिद्रं ढासळली का? आणि उरलेलं गंधक म्हणजे छिद्रांत अडकलेलं आम्ल की पीकच्या रेणूसाखळीला जोडलेले सल्फोनिक (गंधकयुक्त) गट, हे वेगळं कसं ओळखता?