बाबांना लिव्हरच्या ट्रायलमध्ये घालायचं का? सोमवारी सही आहे

घाईतला_सोलापूरकर
पुण्यात बाबांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, नव्या औषधाची ट्रायल चालू आहे, बसतात का बघू. चौदा पानांचा इंग्रजी कागद हातात दिलाय. आई म्हणते, माझ्या माणसावर प्रयोग नकोत. काका म्हणतात, फुकट औषध मिळतंय तर सोडता कशाला. कुणाचा अनुभव? हो की नाही एवढंच सांगा, लेक्चर नको.

पारावरचा
अहो, पण झालंय काय? कावीळ? हेपॅटायटिस बी? की रोजची बैठक?

घाईतला_सोलापूरकर
बाबा सुपारीसुद्धा खात नाहीत. फॅटी लिव्हर आहे. लिहिलं नव्हतं का?

निमाताई
नव्हतं. आमच्या सोसायटीत अर्ध्या लोकांच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघतं, त्यांना कुणी ट्रायलमध्ये घेत नाही. वय, शुगर, लिव्हर किती कडक झालंय ते मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनचा आकडा?

घाईतला_सोलापूरकर
५८. शुगर १२ वर्षं, ती आता कुणाला नसते? फायब्रोस्कॅन ११.४. बायोप्सी पण करायची म्हणतात, म्हणजे सुईने लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासायचा, तिथेच आई बिथरली.

निमाताई
म्हणजे नुसती चरबी नसावी, लिव्हर कडक होत चाललंय. मी आठ वर्षं ट्रायल कोऑर्डिनेटर होते. आधी मराठी कागद मागा. रुग्णाला कळेल अशा भाषेत माहिती द्यावीच लागते, आणि सही केलेली प्रत घरी न्यायची. त्यावर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीचा, क्रमांक असेल तो त्यांच्या वेबसाइटवर टाकून बघा, फेज कुठली, म्हणजे ट्रायल कुठल्या टप्प्यावर आहे, तेही कळेल. ट्रायलमुळे काही इजा झाली तर उपचार मोफत. आणि मधेच सोडली तरी नेहमीचे उपचार कुणी थांबवू शकत नाही.

आजीचा_बटवा
गोऱ्यांची औषधं आपल्यावर तपासतात, दुसरं काय! गुळवेलीचा काढा, रोज अनशापोटी. माझ्या मेव्हण्याचं एसजीपीटी, ते रक्तातलं लिव्हरचं एन्झाइम, १८० वरून ४० वर आलं.

पारावरचा
नेहमी गोऱ्यांचीच असं नाही. सारोग्लिटाझार हे औषध भारतीय कंपनीचं, २०२० मध्ये याच आजारासाठी आपल्याकडे मंजूर झालं.

शंकेखोर
निम्म्या लोकांना नुसती साखरेची गोळी देतात, ते कोण सांगणार? वर्षभर सुया टोचून घ्यायच्या आणि हाती प्लासिबो.

निमाताई
निम्म्या असंच काही नाही, प्रमाण कागदावर लिहिलेलं असतं. शुगरची औषधं बहुधा चालूच राहतात. याच आजारावरच्या रेसमेटिरॉम या औषधाच्या ट्रायलमध्ये वर्षभराने फायब्रोसिस, म्हणजे लिव्हरचा कडकपणा, सुधारला तो औषधवाल्यांपैकी सुमारे २५ टक्के लोकांचा, प्लासिबोवाल्यांपैकी १४ टक्के लोकांचा. अमेरिकेत ते मार्च २०२४ मध्ये मंजूर झालं.

शंकेखोर
चौघांत एकाला गुण, आणि त्याला औषध म्हणायचं!

पित्तवाला
मला रात्री जेवल्यावर घशाशी येतं. पॅन ४० किती दिवस घेतलेली चालते? नवा धागा काढत नाही, इथेच विचारतो.

दिनू_नाशिक
सिरोसिसमध्ये, म्हणजे लिव्हरवर कायमचे व्रण पडले की, मीठ कमी करा. पोटात पाणी होतं.

निमाताई
दिनू, सिरोसिस कुणाला झालाय?

शंकेखोर
बटवा, गुळवेलीचं जपून. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये सहा रुग्ण छापले, गुळवेलीनंतर लिव्हर बिघडलेले. पुढच्या वर्षी देशभरातून ४३.

आजीचा_बटवा
आयुष मंत्रालयाने ते तेव्हाच खोडलं. वनस्पती नेमकी कुठली ते तपासलंच नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. तशीच दिसणारी दुसरी वेल असते, टिनोस्पोरा क्रिस्पा.

शंकेखोर
मग तुमच्या मेव्हण्याची कुठली होती?

घाईतला_सोलापूरकर
एक मिनिट. बाबा कोविडपासून रोज गुळवेल घेतात. ते काही औषध नाही म्हणून डॉक्टरांना बोललो नाही.

निमाताई
हेच विचारणार होते! सोमवारी सहीच्या आधी सांगा, पाकीट सोबत न्या. अशा ट्रायलमध्ये काढे-चूर्णं बहुतेक वेळा चालत नाहीत. उद्या एन्झाइम वाढले तर दोष ट्रायलच्या औषधाचा की काढ्याचा, कसं ठरवणार? आणि ट्रायल नाही जमली तरी वजन ७ ते १० टक्के उतरवा, या लिव्हरला त्याने खरंच फरक पडतो. किती आहे वजन?

घाईतला_सोलापूरकर
९१. उंची माहीत नाही, मध्यम आहेत. कागद काढला, नवव्या पानावर वनौषधींचं आहे, तीन महिने आधी बंद हव्यात. आत्ताच बाबांशी बोललो. ट्रायलला तयार आहेत, बायोप्सीलाही. काढा सोडायला नाही म्हणतात.