पॉलिमर क्लेच्या शेवंतीच्या पाकळ्या भाजताना तपकिरी होतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी नाशिकला, पंचवटीत राहते. आईच्या पंचाहत्तरीसाठी भिंतीवर लावायला दीड फुटी गोल एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या) फळीवर पॉलिमर क्लेचे, म्हणजे ओव्हनमध्ये भाजून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या मातीचे, गुलाब आणि पांढरी शेवंती करतेय. आपल्या गावाचं जुनं नाव गुलशनाबाद, म्हणून गुलाब तर हवेतच!

गुलाब छान जमले. शेवंतीच्या पाकळ्या मात्र जेमतेम १ मिलीमीटर जाड. ओटीजीत (घरगुती छोट्या ओव्हनमध्ये) १३० अंश सेल्सिअसवर अर्ध्या तासात त्यांची टोकं तपकिरी झाली. पाकिटावर तापमान तेच लिहिलंय, त्यामुळे ओटीजीचा काटाच चुकतोय असा संशय आहे. आच कमी करायची भीती वाटते, कारण कच्ची राहिली की पाकळी बोटात मोडते. वरून फॉइलचा तंबू करून कुणी भाजलंय का? ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर मेन रोड किंवा शालिमारकडे मिळेल का?

आणि चिकटवता कशाने? मागच्या वर्षीच्या छोट्या फ्रेमवर पांढऱ्या गोंदाने लावलेली दोन फुलं पावसाळ्यात निखळली. इपॉक्सी घेऊ, की मागून तार ओवून बांधू?

कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे आणि ३० शेवंत्या अजून व्हायच्यात. ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सांगा.