डॉक्टर व्हायचं की नाही, तुमचं कसं ठरलं?

लेक दहावीत आहे. लग्नकार्यात भेटेल तो विचारतो, "मग, ए ग्रुप की बी ग्रुप?" म्हणजे गणित की बायो. तिला डॉक्टर व्हायचंय. का, तर "बायो आवडतं". नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, माहिती नकोय. 180 प्रश्न आणि 720 मार्क हे आता आमच्या इस्त्रीवाल्यालाही पाठ आहे. ज्यांनी ही वाट धरली, सोडली किंवा टाळली, त्यांनी आपलं कसं ठरलं ते लिहा. उपदेश नको, प्लीज.

घाटमाथा
माझी बारावी 1994 ची. तेव्हा राज्याची प्रवेश परीक्षा, सीईटीही नव्हती, बोर्डातल्या पीसीबीच्या (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो) मार्कांवर अ‍ॅडमिशन व्हायची. मार्क पडले, गेलो. ठरवलंबिरवलं काही नाही. पहिलं वर्ष अ‍ॅनाटॉमीत गेलं. फॉर्मॅलीनचा वास साबणाने जात नाही, मेसमध्ये पोळी तोंडाशी नेली की यायचाच. तेव्हा रोज वाटायचं, बीएस्सी केलं असतं तर बरं.

मन बसलं ते दुसऱ्या वर्षी, वॉर्डात हिस्ट्री घ्यायला, म्हणजे पेशंटला आजाराची हकीकत विचारायला लागल्यावर. एक आजी होत्या, मधुमेहाने पाय चिघळलेला. मी विचारतोय जखम कधीपासून, आणि त्या सांगताहेत शेळी कधी व्याली. मी वैतागलो. सर मागे उभे होते, म्हणाले, "तारीखच सांगतायत त्या, लिहून घे." शेळी व्याली त्याच आठवड्यात गोठ्यात पायाला खिळा लागला होता, आणि दुखलं नाही म्हणून त्यांनी पाहिलाच नव्हता. अर्धं निदान तिथेच झालं.

आज तालुक्याच्या गावी ओपीडी चालवतो. बायो आवडतं हे छानच. पण दिवसभर लोकांचं "अंग मोडून आलंय" ऐकायला आवडेल का, ते तिला विचारा. ते नाही आवडलं तरी पॅथॉलॉजी, रेडिओलॉजी आहेत म्हणा.

राखाडी_बल्ब
सध्या इंटर्न, सरकारी कॉलेज. नाव कसं पडलं ते सांगते: बल्ब म्हणजे रक्ताच्या नमुन्याची नळी; जांभळ्या झाकणाचा बल्ब सीबीसीचा (रक्तपेशी मोजायचा), राखाडी शुगरचा, आणि पहाटे सगळ्या वॉर्डाचे बल्ब लॅबमध्ये नेणारी हमाल मी. साडेचार वर्षं शिकून हे. इंटर्नशिप संपली की वर्षभराचं बॉण्ड (सक्तीची सरकारी नोकरी), मग पीजीसाठी पुन्हा नीट. शाळेतल्या मैत्रिणी इंजिनिअर होऊन पगार घेतायत, मी अजून बाबांकडून रिचार्ज मारून घेते.

तरी सोडणार नाही. परवा जुलाबाने सुकून गेलेल्या बाळाची शीर मला सापडली, रेसिडेंटला सापडत नव्हती. त्यावर महिना निघेल.

सोयाबीन
लातूरला राहून रिपीट केलं, मग पुन्हा रिपीट. फिजिक्स काही हलेना. शेवटी शेवटी अभ्यासापेक्षा गावात काय सांगायचं याचंच टेन्शन. आता बीफार्म झालंय, नोकरी बरी आहे. थांबायचं कधी हे आधीच ठरवा. कट-ऑफ लागल्यावर घरात कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

मनमाड_जंक्शन
बीएएमएसला, म्हणजे आयुर्वेदाला, नंबर लागला म्हणून गेले. वर्गातले कितीतरी जण पहिलं वर्षभर नीटचीच पुस्तकं घेऊन बसायचे. मी नाद सोडला. पश्चात्ताप नाही, पण "म्हणजे खऱ्या डॉक्टर नाही ना?" हे दर लग्नात ऐकायची तयारी ठेवा.

अल्माटी
कझाकस्तानमधून एमबीबीएस. एजंट म्हणाला होता, "परत आल्यावर एक छोटीशी परीक्षा असते." ती छोटीशी परीक्षा म्हणजे एफएमजीई: 300 प्रश्न, पास व्हायला 150. तिथे शिकवणं इंग्रजीत, पेशंट बोलणार रशियन नाहीतर कझाक. वॉर्डात आम्ही नुसते उभे. खरं क्लिनिकल मी इथे येऊन शिकलो. आता तर 2021 च्या नियमांप्रमाणे किमान 54 महिन्यांचा कोर्स, तिथे वर्षभर इंटर्नशिप आणि इथे परत वर्षभर. खासगी कॉलेजची फी झेपत नाही म्हणून जाणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, मीही तसाच गेलो. फक्त हिशेब एजंटच्या वहीतून करू नका.

गॅलरीतून
मी न झालेली डॉक्टर. आईबाबा दोघेही डॉक्टर, खाली हॉस्पिटल, वर घर. जेवताना बेल वाजली की एकजण उठणार हे ठरलेलं. पाटी माझ्या नावाला जागा सोडूनच रंगवली होती. मी अकरावीला बायो न घेता गणित घेतलं. बाबा एवढंच म्हणाले, "बघ बाई." आई मात्र बरेच दिवस तुटक वागली, सोनोग्राफी मशीनचे हप्ते चालू होते तेव्हा.

मला पेशंटांचा कंटाळा नव्हता, बेलचा होता.

हॉस्पिटल आता एका तरुण जोडप्याला चालवायला दिलंय. त्यांचा मुलगा चौथीत आहे. कंपाउंडरकाका त्याला "छोटे डॉक्टर" म्हणतात.