मदत हवी आहे: एल प्रेसिदेन्ते जमत नाहीये, शनिवारच्या आत उत्तर हवंय

उत्तररात्र
नमस्कार मंडळी. एल प्रेसिदेन्ते हे रमचं कॉकटेल घरी करायचा प्रयत्न चाललाय आणि काही केल्या जमत नाहीये. रम, पांढरा व्हर्मुथ (वनस्पती घातलेली सुगंधी वाइन), क्युरासाओ (संत्र्याची गोड लिकर), ग्रेनाडिन (डाळिंबाचा पाक), सगळं घरात आहे. प्रमाण पुस्तकातलंच घेतो. तरी पेय पातळ आणि कडवट लागतं. ते झाकायला ग्रेनाडिन वाढवलं की सरळ सरबत होतं. शिवाय गढूळ दिसतं. बारमध्ये प्यायलो होतो ते तांबूस सोनेरी होतं, आरपार दिसत होतं. शनिवारी मित्र यायचेत आणि त्यांना हेच द्यायचं ठरलंय. 'आधी सोपं काहीतरी करून बघा' हा सल्ला कृपया नको. काय बदलू तेवढं सांगा.

मोजूनमापून
पुस्तकातलं प्रमाण म्हणजे किती? रम कसली? ढवळता की शेक करता? बर्फ कसा आहे? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

शंखनाद
अर्धं लिंबू पिळा. गोडवा लगेच ताळ्यावर येतो. रमला लिंबू लागतंच, मी तरी त्याशिवाय रम पीत नाही.

संत्रीसाल
शंखनाद, रम, लिंबू आणि साखर म्हणजे डायकिरी. उत्तम पेय आहे, पण धागा त्याचा नाही. एल प्रेसिदेन्तेमध्ये फळाचा आंबट रस नसतो. त्यात गोडाला तोलून धरायचं काम व्हर्मुथमधल्या वनस्पतींचा कडवटपणा करतो. लिंबू पडलं की व्हर्मुथचा सुगंध गेलाच म्हणून समजा.

उत्तररात्र
रम ४५ मिली, व्हर्मुथ ४५ मिली, क्युरासाओ एक चमचा, ग्रेनाडिन अंदाजाने. रम साधी पांढरी. शेकरमध्ये घालून जोरात हलवतो, बर्फ फ्रीझरच्या ट्रेमधला. झालं समाधान? आता सांगा.

मोजूनमापून
गढूळपणाचं कारण सापडलं. शेक केल्यावर हवेचे बारीक बुडबुडे आणि बर्फाचा चुरा पेयात राहतो. रस, दूध किंवा अंडं असलेल्या पेयाला तो फेस शोभतो. इथे सगळ्या बाटल्या पारदर्शक आहेत, तेव्हा ढवळायचं. जाड काचेचा मोठा ग्लास किंवा जग घ्या, दोन तृतीयांश बर्फाने भरा आणि लांब दांड्याचा चमचा काचेला टेकवून गोल फिरवत राहा. बर्फ एकत्र फिरला पाहिजे, खडखडला नाही पाहिजे. साधारण ३० सेकंद. बाहेरून काचेवर दव धरलं की गाळून घ्या.

बर्फ फ्रीझरमधून काढल्या काढल्या वापरा. बाहेर ठेवून पाणी सुटलेला असेल तर ते पाणी आधीच पेयात जातं आणि पातळ लागतं. पण तुमच्या पातळपणाचं मूळ मला व्हर्मुथमध्ये दिसतंय. तो कुठला, हे तुम्ही अजूनही सांगितलेलं नाही.

उत्तररात्र
पहिल्याच ओळीत सांगितलंय की. पांढरा. फ्रेंच.

संत्रीसाल
पांढरे दोन प्रकारचे असतात हो. बाटलीवर 'ड्राय' आहे की 'ब्लाँ'? इटालियन असेल तर 'बियान्को' लिहिलेलं असतं. आणि बाटली उघडून किती दिवस झाले, ठेवता कुठे?

उत्तररात्र
'एक्स्ट्रा ड्राय' लिहिलंय. पण पुस्तकात फक्त फ्रेंच व्हर्मुथ म्हटलंय, आणि फ्रेंच म्हणजे ड्राय असं सगळीकडेच वाचलंय. ठेवतो कपाटात, बाकी बाटल्यांबरोबर. उघडून झाले असतील बरेच महिने.

गडद_सोनेरी
एवढा खटाटोप कशाला? चांगली मुरलेली गडद रम घ्या, ६० मिली. एक चमचा साखरेचा पाक, अँगोस्टुरा बिटर्सचे (मसाल्याचा कडू अर्क) दोन शिंतोडे, मोठा बर्फाचा ठोकळा, वर संत्र्याची साल. रम ओल्ड फॅशन्ड. पाहुणे खूश होतात, अनुभवाने सांगतोय. व्हर्मुथची भानगडच नको.

संत्रीसाल
उत्तररात्र, तुमची अडचण 'एक्स्ट्रा ड्राय'मध्येच आहे.

फ्रेंच म्हणजे ड्राय, हे मार्टिनीपुरतं ठीक. क्युबातल्या हवानात हे पेय घडलं ते शांबेरीच्या व्हर्मुथवर. शांबेरी हे आल्प्सच्या पायथ्याचं फ्रेंच गाव, तिथला ब्लाँ रंगाने पाण्यासारखा पण चांगला गोड असतो. पुढे पाककृतींमध्ये नुसतं 'फ्रेंच' उरलं, लोक ड्राय ओतू लागले आणि पेय बदनाम झालं. युरोपातल्या नियमानुसार ड्राय व्हर्मुथमध्ये लिटरला ५० ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, एक्स्ट्रा ड्रायमध्ये ३० पेक्षाही कमी. ब्लाँ साधारण १३० च्या घरात जातो. एवढी साखर निम्म्या पेयातून काढून घेतल्यावर ते अंगानं पातळ लागणारच. ती उणीव तुम्ही ग्रेनाडिनने भरताय, म्हणून सरबत.

दुसरं, व्हर्मुथ ही शेवटी वाइन आहे. अल्कोहोल साधारण १६ ते १८ टक्के. उघडल्यावर हवा लागून उतरते. कपाटात महिनोन्महिने राहिलेली बाटली चमच्यात घेऊन नुसती चाखा. शिळ्या सफरचंदासारखा वास आला तर स्वयंपाकात वापरा, ग्लासात नको. नवी आणाल ती फ्रिजमध्ये ठेवा आणि महिना-दोन महिन्यांत संपवा.

मोजूनमापून
ब्लाँबद्दल सहमत. पण निम्मं-निम्मं नको. ब्लाँ गोड, क्युरासाओ गोड, ग्रेनाडिन गोड, त्यात रम निम्मी म्हणजे ती बिचारी बुडते. ४५ मिली रमला २५ मिली ब्लाँ, ७ मिली ऑरेंज क्युरासाओ आणि ग्रेनाडिन २-३ मिली, त्यापुढे थेंबही नाही.

संत्रीसाल
निम्मं-निम्मं हेच मूळ आहे. १९१५ साली क्युबात छापलेल्या बारटेंडरांच्या पुस्तिकेत रम आणि व्हर्मुथ सारखेच आहेत. थोडी मुरलेली, गाळून पांढरी केलेली रम असेल तर ती अजिबात बुडत नाही, पिंपाच्या ओक लाकडाचा सुगंध व्हर्मुथमधून वर येतो. फक्त क्युरासाओ आणि ग्रेनाडिनला हात आखडता घ्या.

मोजूनमापून
१९१५ मध्ये काय छापलं होतं यापेक्षा आत्ता ग्लासात काय लागतं ते मला महत्त्वाचं. धागाकर्त्याकडे साधी पांढरी रम आहे, मुरलेली नाही.

सावकाश_वाचक
छान चर्चा. थोडी भर: हे नाव क्युबाचे अध्यक्ष माचादो यांच्यावरून आलं. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा तिथले लोक हवानाला जायचे, तेव्हाचं हे पेय.

संत्रीसाल
दारूबंदीच्या काळात, म्हणजे १९२० ते १९३३, हे गाजलं, एवढं खरं. पण माचादो सत्तेवर आले १९२५ मध्ये. पाककृती १९१५ ची, तेव्हा अध्यक्ष होते मेनोकाल, १९१३ पासून. त्यामुळे नाव माचादोंचं असणं शक्य नाही.

सावकाश_वाचक
मग बऱ्याच ठिकाणी माचादो का लिहितात? त्यांच्या नावाचाही एक प्रकार होता असं वाचलंय.

संत्रीसाल
होता ना, 'प्रेसिदेन्ते माचादो' म्हणून. त्यातूनच घोटाळा झालेला दिसतो.

उत्तररात्र
अहो, अध्यक्षांचं नंतर बघू. उद्या ब्लाँ आणतो. पण आज रात्री करून बघायचं तर ड्रायवर काही इलाज आहे का? आणि ग्रेनाडिन तयार बाटलीतलं आहे, भडक लाल.

मोजूनमापून
आजच्यापुरतं: ड्राय २० मिलीवर आणा आणि एक लहान चमचा साधा साखरेचा पाक घाला. ब्लाँची चव येणार नाही, पण पातळपणा कमी होईल. बाटली उतरलेली असेल तर तेही करू नका.

ग्रेनाडिन घरी करा, हे मी ठासून सांगेन. तयार बाटल्यांमध्ये बहुतेक वेळा साखर, सायट्रिक आम्ल आणि रंग एवढंच असतं. डाळिंबाचा रस आणि साखर समप्रमाणात, मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच. उकळलं की ताज्या रसाचा तजेला जाऊन जॅमसारखं लागतं. दाणे मिक्सरमध्ये फार फिरवू नका, आतलं बी फुटून रस तुरट होतो. गाळून फ्रिजमध्ये ठेवा. घालताना चमच्याने मोजा; ते जड असतं, थेट तळाशी जातं, म्हणून ढवळण्याआधीच घालायचं. रंग फिकट तांब्याचा झाला की बास.

शंखनाद
मी अजूनही म्हणतो, थोडं लिंबू.

गडद_सोनेरी
पाहुणे बरेच असतील तर आधीच बाटलीत मिसळून फ्रीझरमध्ये टाका. ऐन वेळी नुसतं ओतायचं.

मोजूनमापून
कल्पना चांगली, पण मग बर्फातून येणारं पाणी आधीच घालावं लागेल. ढवळताना पेयाच्या साधारण पाव हिस्सा पाणी मिसळतं आणि ते लागतंच, नाहीतर घशाला चटका बसतो. आणि पाणी घातलेलं मिश्रण घरच्या फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना, भुसभुशीत बर्फ होऊन बसेल. त्यापेक्षा बाटली फ्रिजच्या सर्वांत थंड कप्प्यात ठेवा आणि ग्लास फ्रीझरमध्ये.

उत्तररात्र
ब्लाँ आणला. ४५ ला २५ करून बघितलं, ढवळून. पूर्ण वेगळं पेय आहे! ग्लासातून पलीकडचं दिसतंय, कडवटपणा शेवटी येतो आणि गोड वाटत नाही. मग संत्रीसाल यांच्या म्हणण्याप्रमाणे निम्मं-निम्मं केलं. सुगंध त्यात जास्त आहे, पण माझी रम खरंच मागे पडते. शनिवारी ४५-२५ च देतो. वर संत्र्याची साल पिळायची ना? पिळली तर नुसतं पाणीच आलं.

संत्रीसाल
साल पातळ सोला, पांढरा भाग नको. नारिंगी बाजू पेयाकडे करून चिमटीत वाकवा. ग्लास उजेडात तिरका धरलात तर पृष्ठभागावर तेलाची बारीक चकाकी दिसते. ती दिसली नाही तर फळ जुनं आहे, सुकलेल्या सालीत तेल उरत नाही. आणि मुरलेली रम मिळाली की निम्मं-निम्मं पुन्हा करून बघा, माझा आग्रह आहे.

नवा_पाहुणा
माझ्याकडे ब्लू क्युरासाओ आहे, तो चालेल का?

मोजूनमापून
चव संत्र्याचीच असते, फक्त निळा रंग घातलेला असतो. डाळिंबाच्या लालात निळा मिसळला की मळकट जांभळं होईल. त्यापेक्षा ट्रिपल सेक वापरा, तीही संत्र्याचीच लिकर, पण बिनरंगाची. आणि तुमचा व्हर्मुथ कुठला, ते आधी सांगा.