मदत हवी आहे: वहिनीचा ग्रामपंचायतीचा अर्ज छाननीत टिकेल का?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव लातूर जिल्ह्यात. १५ जानेवारी २०२१ ला राज्यातल्या बारा हजारांहून जास्त ग्रामपंचायतींसाठी मतदान झालं, त्यात आमचीही होती. आता पुन्हा पारावर पॅनलच्या बैठका बसायला लागल्यात. आमच्या प्रभागात एक जागा नामाप्र (नागरिकांचा मागास प्रवर्ग, म्हणजे ओबीसी) महिला राखीव आहे आणि पॅनलवाल्यांनी वहिनीचं नाव काढलंय. वहिनी बारावी झालेली, बचतगटाचे हिशेब तीच लिहिते. निवडून येईल याची मला फारशी काळजी नाही. काळजी आहे ती तहसीलच्या टेबलावरची. मागच्या वेळी शेजारच्या गावात एका बाईंचा अर्ज छाननीत उडाला आणि समोरची बिनविरोध झाली. मी पुण्यात असतो, त्यामुळे कागदांचं सगळं माझ्याच गळ्यात पडलंय. शंका अशा:

जातीचा दाखला वहिनीच्या लग्नाआधीचा, माहेरच्या सोलापूर जिल्ह्यातल्या प्रांत कार्यालयाचा. त्यावर माहेरचं नाव. मतदार यादीत सासरचं. आधारवर पहिलं नाव, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आमचं आडनाव, म्हणजे नुसती खिचडी. जात वैधता (पडताळणी समिती दाखला तपासून देते ते प्रमाणपत्र) काढलेलीच नाही. सेतूवाला म्हणतो लातूरच्या समितीकडे टाका, सासर इकडे आहे ना. खरंय का?

दुसरं, वहिनीला मुलगी (२०१४) आणि नंतर जुळे मुलगे (२०१८). मोजले तर तीन. विरोधकांनी आत्तापासूनच "तिसरं अपत्य" म्हणून कुजबुज सुरू केलीय.

घरपट्टी दोन वर्षांची थकलीय, ती मी भरतो. शौचालय आहे, वापरातही आहे. अजून काय राहतंय?

प्रतिसाद १

जुळ्यांची चिंता सोडा. दोनपेक्षा जास्त अपत्यांचा नियम आहे, पण पहिल्या एका अपत्यानंतर एकाच बाळंतपणात कितीही मुलं झाली तरी ती एकच धरायची, असा खुलासा कायद्यातच आहे. दोघांचे जन्मदाखले शेजारी ठेवा, तारीख एकच दिसेल, विषय संपला. (दत्तक दिलं की अपत्य कमी होतं, असं सांगणारे गावोगाव भेटतील. नाही होत.)

सेतूवाल्याचं ऐकू नका. जात वडिलांकडून येते आणि दाखला जिथून निघाला त्या जिल्ह्याच्या समितीकडे वैधतेचा अर्ज जातो. तुमचा सोलापूरला जाईल. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे वहिनीच्या वडिलांचा किंवा आजोबांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. आमच्या आत्याच्या वेळी आजोबांच्या उताऱ्यात जातीच्या रकान्यावर शाईचा डाग निघाला होता, शेवटी चुलत आजोबांचा उतारा शोधून जोडला. म्हणून माहेरी आजच फोन करा. नावासाठी विवाह नोंदणी दाखला आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. वैधता हातात आली नसेल तर अर्ज केल्याची पोच आणि हमीपत्र देऊन उमेदवारी भरायची सोय केलेली असते. पण नंतर मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर निवड जाते. निवडून येऊन घरी बसलेले पुष्कळ आहेत.

प्रतिसाद २

एक विचारायचं राहिलं. गायरानात (गावच्या सरकारी चराईच्या जागेत) तुमचं काही आहे का? गोठा, कडबा रचायची जागा, पायऱ्या, काहीही? सरकारी जागेवरच्या अतिक्रमणावरून जनाबाई या ग्रामपंचायत सदस्य बाईंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सदस्यत्व रद्दच ठेवलं होतं. अतिक्रमण बाईंनी केलेलं नव्हतं, सासऱ्यांनी आणि नवऱ्याने केलेलं. त्या तिथे राहत होत्या, एवढं पुरलं.

अर्ज ऑनलाइन भरायचा असेल तर शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. डिसेंबर २०२० मध्ये साइट अशी बसली की राज्य निवडणूक आयोगाला कागदी अर्ज घ्यायची परवानगी द्यावी लागली. निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं काढा. आणि निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्या, हरलात तरी. हरलेले विसरतात आणि पुढच्या वेळी अपात्र म्हणून नाव निघतं.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. वहिनीच्या भावाला फोन केला, तो उद्या शाळेत जातोय.

पण गायरान वाचून पोटात गोळा आला. घर आमच्याच जागेत आहे, पण गोठ्याची मागची बाजू गायरानात दहा-बारा फूट सरकलीय. अण्णांनी पत्रे टाकले तेव्हा मी शाळेत होतो. मोजणी न करता तेवढा भाग आधीच काढून घेतला आणि ग्रामपंचायतीकडून पंचनामा करून घेतला तर चालेल का? उमेदवारीच्या किती दिवस आधी? कोणी केलं असेल तर सांगा. अण्णांना मी रविवारी गावी जाऊन सांगणार आहे. त्यांचा पहिला प्रश्न म्हशी कुठे बांधायच्या हाच असणार.