ब्रेक पॅड बदलल्यापासून गाडी डावीकडे ओढतेय

घाटवेडा: मंडळी, 2014 ची हॅचबॅक आहे, गेल्या शनिवारी पुढचे पॅड बदलून घेतले आणि तेव्हापासून ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते, काल ताम्हिणी उतरताना स्टिअरिंग घट्ट धरून बसलो होतो, बायको म्हणाली येताना एसटीनेच येऊ. मेकॅनिक म्हणतोय चाकांची अलाइनमेंट करा. करू का?

ग्रीसवाला: आत्ता नको. ब्रेक न दाबता सरळ जाते ना? मग ब्रेकच बघा. डावीकडे ओढते म्हणजे बहुतेक उजवा कमी धरतोय. कॅलिपरच्या (चाकामागचा, डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिना हाताने मागेपुढे सरकतायत का बघा, अडकत असतील तर साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ग्रीस नको, रबर फुगतं. पॅडला ग्रीसचे हात लागलेत का तेही बघा, लागले असतील तर पॅड गेले समजा.

जुना गडी: पाच-सहा किमी चालवून दोन्ही चाकांजवळ हात न्या, लावू नका, भाजतो (अनुभव आहे). एकच जास्त तापलं तर तिकडचा ब्रेक सुटत नाहीये. मग गाडी जॅकने उचलून जॅक स्टँडवर घेऊन ब्लीडिंगचं निपल (कॅलिपरवरचा, ब्रेकचं तेल सोडायचा स्क्रू) जरा सैल करायचं, चाक मोकळं झालं तर होज (ब्रेकच्या तेलाची रबरी नळी) आतून बुजलाय, नाही झालं तर पॅड ढकलणारा पिस्टन नाहीतर पिना अडकल्यात. नंतर ब्रेकच्या तेलातली हवा काढायला विसरू नका.

घाटवेडा: उजवीकडची खालची पिन गंजून चिकटलेली निघाली, बूट (पिनेवरचं रबरी कव्हर) फाटलेला! पठ्ठ्याने तशीच परत बसवली होती. आता सरळ थांबते.