बंगालचा उपसागर: तापमानाने मिश्र थर ५५ मीटर, घनतेने १५. धरायचा कोणता?

खारेपाणी: उपसागराच्या उत्तर भागातला ऑक्टोबरमधला एक आर्गो प्रोफाइल (समुद्रात आपोआप खाली-वर जाणाऱ्या फ्लोटने घेतलेली, खोलीनुसार तापमान-क्षारतेची नोंद) आहे. १० मीटरवरच्या तापमानाहून ०.२ अंश घट हा निकष लावला की मिश्र थर (ढवळून एकसारखा झालेला वरचा थर) ५५ मीटर येतो. घनतेत ०.०३ किलो प्रति घनमीटर वाढ धरली की १५. वरून आलेली उष्णता किती पाण्यात मुरते ते काढायचंय. कोड चुकलाय का?

थर्मोक्लाइन: कोड ठीक दिसतोय. मधले ४० मीटर म्हणजे बॅरियर लेयर. पावसाचं आणि गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी वर पसरतं. तापमान खालीवर सारखंच, पण क्षारता वाढत गेल्याने घनतेची पायरी १५ मीटरवरच लागते. वाऱ्याची घुसळण तिथे अडते. उष्णतेच्या हिशेबाला १५ धरा.

फरक किती पडतो ते बघा. निव्वळ ५० वॅट प्रति चौ.मी. महिनाभर मिळाले तर सुमारे १३ कोटी जूल. एक घनमीटर समुद्राचं पाणी १ अंशाने तापायला अंदाजे ४१ लाख जूल लागतात. म्हणजे १५ मीटरचा थर २.१ अंशांनी तापेल, ५५ चा जेमतेम ०.६ ने. मात्र सगळं ऊन वरच्या थरात थांबत नाही. स्वच्छ पाण्यात जवळपास पाचवा हिस्सा १५ मीटरखाली उतरतो (उपसागराच्या उत्तरेला पाणी गढूळ, तिथे कमी) आणि बॅरियर लेयरमध्ये साठतो. तेवढा वजा करा.

घनतावाला: १५ वर सहमत, पण तुमचे दोन निकष एकमेकांशी जुळत नाहीत. २९ अंशांच्या पाण्यात ०.२ अंश थंडावा म्हणजे घनतेत साधारण ०.०७ ची वाढ. क्षारता नुसती ०.०९ ने वाढली तरी तेवढीच होते. ०.०३ ठेवलंत तर बॅरियर लेयर उगाच जाड दिसेल. जीएसडब्ल्यू लायब्ररीत (समुद्राच्या पाण्याचे गुणधर्म काढणारा तयार कोड) १० मीटरवरची क्षारता तीच ठेवून तापमान ०.२ ने उतरवा. घनतेत येणारा फरक हाच तुमचा निकष. ध्रुवाकडच्या थंड पाण्यात हा आकडा बराच लहान येतो, म्हणून एकच संख्या जगभर चालवू नये.

हिवाळ्यातले प्रोफाइल घ्याल तेव्हा जपून. वरचं गोडं पाणी थंड आणि खालचं खारं पाणी गरम, अशी उलटी रचना सापडते. फक्त घट शोधणारा कोड ती ओलांडून थेट थर्मोक्लाइनमध्ये, म्हणजे तापमान झपाट्याने उतरणाऱ्या खालच्या थरात जातो.

खारेपाणी: मग मान्सूननंतरच्या चक्रीवादळात पृष्ठभाग फारसा थंड होत नाही, तो यामुळेच?

थर्मोक्लाइन: मोठं कारण तेच. वादळाने ५० मीटरपर्यंत ढवळलं तरी वर येतं ते गरमच पाणी. मान्सूनपूर्व वादळामागे बॅरियर लेयर पातळ असतो, तेव्हा २-३ अंशांची घट होऊ शकते.

घनतावाला: फाइलचं नाव आर ने सुरू होतं (लगेच आलेली नोंद) की डी ने (नंतर तज्ज्ञांनी तपासलेली)? डी असेल तर 'ॲडजस्टेड' क्षारता घ्या, गुणवत्ता खूण १ (म्हणजे चांगली) असलेलीच. काही फ्लोटांचा क्षारता-सेन्सर हळूहळू जास्त दाखवू लागतो. तापमान बरोबर आणि घनता चुकीची, असा घोळ होतो. शिवाय बऱ्याच फ्लोटांचा पंप ५ मीटरच्या आसपास बंद होतो, त्यामुळे अगदी वरचा गोड्या पाण्याचा पापुद्रा नोंदला जात नाही. तो पातळ असला तर तुमचे १० मीटर आधीच पायरीखाली असतील. अशा ठिकाणी संदर्भ म्हणून सर्वांत वरचं चांगलं मोजमाप घ्या, आणि भर दुपारचे, वारा पडलेला असतानाचे प्रोफाइल वगळा.

खारेपाणी: फाइल आर आहे. डी शोधतो.